वाचकांचे प्रश्न : ट्रायल्स सायकलची चेन एका रेषेत कशी आणावी?

प्रश्न : वीस इंची चाकांची ट्रायल्स सायकल (खडक-अडथळ्यांवरून पाय न टेकता उड्या मारत चालवायची) सुटे भाग आणून जुळवली आहे. मागे ११६ मिमी रुंदीचा हब (चाकाचा मधला भाग), त्यावर आट्यांनी बसणारे १२ दातांचे चक्र. पुढे उजव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) १८ दातांचे फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारे, उलट मोकळे फिरणारे चक्र). बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या भागाची) नळी ६८ मिमी, एक्सल आयसिस पद्धतीचा (टोकांना खाचा असलेला). राजहंसगडाच्या पायथ्याला खडकावर उडी घेताना नेमकी जोराच्या क्षणी चेन उतरते. दुकानदार म्हणतो, चेन ढिली आहे. घट्ट करूनही तेच होते. काय करावे?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : घट्ट करूनही उतरते म्हणजे दोष बहुधा चेनलाइनचा. सायकलच्या मध्यरेषेपासून चक्राच्या दाताच्या मध्यापर्यंतचे अंतर ती चेनलाइन. पुढचे आणि मागचे हे अंतर सारखे हवे. ट्रायल्समध्ये १ मिमीपर्यंतचा फरक चालतो, २ मिमी आम्ही नाइलाज म्हणून मान्य करू, त्यापुढे अजिबात नाही.

रोजच्या सायकलला ४-५ मिमी फरक सहज पचतो, मग इथे का नाही? ओढ किती पडते ते पाहा. १८ दातांच्या चक्राची चेन जिथून जाते ती त्रिज्या सुमारे ३६.५ मिमी. क्रँक १६० मिमीचा धरला तर पायाचा जोर चेनवर जवळजवळ ४.४ पट होऊन येतो. ७० किलोचा माणूस एका पेडलवर नुसता उभा राहिला तरी चेनवर ३०० किलोच्या वर ओढ पडते, उडीच्या झटक्यात त्याहून कितीतरी जास्त. ४४ दातांच्या साध्या सायकलवर हाच माणूस उभा राहिला तर ओढ १३० किलोच्या आसपास असते. त्यात ट्रायल्सचा मागचा भाग आखूड, आणि मागे दात अवघे १२. तिरकी आलेली कडी दातावर बसण्याऐवजी दाताच्या कडेवर चढते आणि झटका बसला की उतरते.

मोजणी करण्याआधी दोन गोष्टी. मागचे चाक फ्रेममध्ये सरळ आहे का ते बघा. ॲक्सलजवळचे दोन्ही कॅम (चाक पुढे-मागे सरकवणाऱ्या खाचांच्या चकत्या) एकाच खाचेवर हवेत. एक बाजू एक खाच पुढे-मागे असली तर चाक तिरके बसते आणि चेनलाइन बरोबर असूनही चुकीची भासते. दुसरे, क्रँकचा बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने पूर्ण आवळा. आयसिस क्रँक एक्सलच्या खांद्याला टेकेपर्यंत आत जातो. अर्धवट आवळून मोजले तर आकडा खोटा निघतो.

आता मागचे माप. ११६ चे निम्मे ५८. उजव्या ड्रॉपआउटच्या (फ्रेमच्या ज्या खाचेत मागचा ॲक्सल बसतो तिच्या) आतल्या बाजूपासून १२ दातांच्या चक्राच्या दाताच्या मध्यापर्यंत व्हर्नियरने मोजा. समजा १८ मिमी आले. ५८ वजा १८, म्हणजे मागची चेनलाइन ४० मिमी. दाताचा मध्य डोळ्याने धरू नका. दाताच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि दाताची निम्मी जाडी त्यात मिळवा.

पुढे सीट ट्यूबवरून (सीटखालच्या नळीवरून) मोजायची नेहमीची रीत ट्रायल्स फ्रेमला बऱ्याचदा लागू होत नाही, कारण ती नळी एक तर फार बुटकी असते, नाही तर नसतेच. म्हणून बॉटम ब्रॅकेटच्या नळीवरून मोजा. ६८ चे निम्मे ३४. नळीच्या उजव्या कडेपासून फ्रीव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत समजा १०.५ मिमी आले. बेरीज ४४.५. म्हणजे पुढचे चक्र मागच्यापेक्षा ४.५ मिमी बाहेर आहे. बॉटम ब्रॅकेटच्या कपाखाली (बेअरिंग धरणाऱ्या वाटीखाली) उजवीकडे स्पेसर (अंतर राखणारी रिंग) घातला असेल तर या अंतरात तो आपोआप येतोच, वेगळा मिळवू नका.

पोलादी पट्टी फ्रीव्हीलला टेकवून मागे बघायची पद्धत प्रचारात आहे. पहिल्या अंदाजाला ती ठीक. पण ७३ मिमी व्यासाच्या चक्रावर टेकवलेली पट्टी ३५० मिमी मागे नेली की पुढची ०.२ मिमीची कसर मागे १ मिमी होऊन दिसते, शिवाय फ्रीव्हीलच्या छऱ्यांत थोडी हलचाल असतेच. पट्टीच्या भरवशावर स्पेसर कापायला देऊ नका.

सायकल काही दिवस चालवली असेल तर दातही सांगतात. पुढच्या दातांची बाहेरची बाजू आणि मागच्या दातांची चाकाकडची बाजू घासून चकाकत असेल तर पुढचे चक्र बाहेर आहे. उलट खुणा असतील तर ते आत आहे.

दुरुस्ती मागून सुरू करा, कारण तिथे जागा कमी आणि मर्यादा जास्त. चक्र आणि हबचा खांदा यांच्यामध्ये २ मिमीची रिंग घाला, चक्र तेवढे बाहेर येईल : ४२ मिमी. ड्रॉपआउट आणि चेनस्टेपासून (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीपासून) चेन मोकळी राहते का तेही लगेच बघून घ्या. मग पुढे क्रँकचा खांदा आणि फ्रीव्हील यांच्यामध्ये २.५ मिमीची रिंग. फ्रीव्हील क्रँकच्या आतल्या बाजूला चढते, त्यामुळे रिंग घातली की ते फ्रेमकडे सरकते : ४४.५ वरून ४२. दोन्ही ठिकाणी रिंग घातल्यावर किती आटे पकडीत उरतात ते मोजा. या आट्यांचे माप १.३७ इंच, एका इंचात २४ आटे, म्हणजे एक आटा सुमारे १.०६ मिमीचा. किमान सहा पूर्ण आटे पकडीत हवेत, असे आमचे मत. त्याहून कमी उरत असतील तर रिंग जाड करत बसू नका, बॉटम ब्रॅकेटचा एक्सल आखूड घ्या. बॉटम ब्रॅकेटच्या कपाखाली उजवीकडे स्पेसर असेल तर पहिल्यांदा तोच काढून बघा, कदाचित पुढे रिंग लागणारच नाही.

रिंग बाजारात शोधत फिरण्यापेक्षा उद्यमबागेत लेथवर करून घ्या, निपाणीकरांना गोकुळ शिरगावही जवळच. माप असे द्या : आतला व्यास ३५.१ मिमी, बाहेरचा ३९, जाडी हवी तेवढी, माइल्ड स्टील. बाहेरचा व्यास ४० च्या वर जाऊ देऊ नका. १२ दातांच्या चक्रावर चेनच्या पट्ट्या खाली जवळजवळ साडेचाळीस मिमी व्यासापर्यंत येतात, रिंग मोठी झाली तर पट्ट्या तिच्यावर चढतात आणि दोष तसाच राहतो. पार्टिंग टूलने कापलेली बाजू तशीच घेऊ नका, दुसरीही बाजू फेसिंग करून (लेथवर सपाट करून) मागा. दोन्ही बाजू ०.०५ मिमीच्या आत समांतर हव्यात, नाही तर चक्र डुलते.

बसवताना आटे घासून पुसा, ग्रीस लावा, सुरुवातीचे तीन-चार आटे हातानेच चढवा. ॲल्युमिनियमच्या क्रँकवर आटा तिरका लागला आणि पाना लावला की आटे गेले, मग क्रँकच बदलावा लागतो. फ्रीव्हील पहिल्या स्वारीत आपोआप आवळले जाते आणि पुढे खाचेचे पुलर आणि मजबूत व्हाइस असल्याशिवाय सुटत नाही. सगळी मापे चालवण्याआधीच पक्की करा.

आणि बोटे सांभाळा. या सायकलला मागे फ्रीव्हील नाही, चाक फिरले की पेडल थांबले असले तरी चेन फिरतच असते. तपासताना चाक उचलून क्रँक हाताने सावकाश फिरवा. चाकाला जोरात फिरकी देऊन चेन न्याहाळायला कधीच बसू नका.

प्रश्न : चेन थोडी तिरकी आहे. स्प्रिंगचा टेन्शनर (चेन ताणून धरणारी कप्पी) लावला तर भागेल का? पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला सराव असतो, तेव्हा चेन दात सोडून घसरतेही.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : भागणार नाही. टेन्शनर खालच्या, ढिल्या बाजूवर काम करतो. ओढ वरच्या बाजूवर येते आणि ती चक्रापासून चक्रापर्यंत सरळच जाते, मधे टेन्शनरचा हात लागत नाही. चेनलाइन आधी दुरुस्त करा, मग टेन्शनरची कप्पी मागच्या चक्राच्या रेषेत आणा. चेन वर ढकलणारा टेन्शनर मागच्या चक्राभोवतीचा वेढा वाढवतो, त्याचा फायदा घसरण्यावर निश्चित होतो.

पण घसरण्याचे कारण तुमच्याकडे दुसरेही असू शकते. जांभ्याची तांबडी माती कड्यांच्या पिनांत शिरली की चेन लवकर लांबते. चेन ताणून २० कड्या मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. नवी चेन २५४ मिमी भरते. २५५.३ च्या पुढे गेली की ट्रायल्ससाठी ती बाद समजा, आणि १२ दातांचे चक्रही त्याच वेळी तपासा. चिखलातून आल्यावर धुऊन, वाळवून, थेंब थेंब तेल देऊन बाहेरचे तेल पुसून टाका. बाहेर ओले राहिलेले तेल पुढच्या स्वारीची माती धरून ठेवते.

चेन घेताना रुंदीही जुळवा. ३/३२ इंची चेन १/८ इंची चक्रावर बसत नाही. १/८ इंची चेन ३/३२ च्या चक्रावर बसते, पण बाजूला इतकी मोकळी राहते की चेनलाइनचा दोष आवाज न करता लपतो.

प्रश्न : चेन एका जागी घट्ट, अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली. चेनलाइन मोजली, बरोबर आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मग एखादे चक्र मध्यावर फिरत नाही. पुढच्या फ्रीव्हीलच्या एका दातावर आणि टायरवर खडूने खूण करा, क्रँक सावकाश फिरवा. १८ ला १२ दात असल्याने पुढची एक फेरी म्हणजे मागची दीड. घट्ट जागा दर वेळी दातावरच्या खुणेबरोबर आली तर फ्रीव्हील किंवा त्यामागची रिंग दोषी, चाकावरच्या खुणेबरोबर आली तर मागचे चक्र. ताण नेहमी सर्वांत घट्ट जागी बघून ठेवा, चेनच्या मध्यावर वरखाली ५ मिमीची हालचाल उरली पाहिजे.

प्रश्न : २६ इंची जुन्या माउंटन बाइकचा १३५ मिमीचा, खाचांच्या बॉडीचा कॅसेट हब (फ्रीव्हील हबमध्येच असलेला, चक्रे खाचांवर सरकवून बसवायचा) पडून आहे. तो चालेल का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : शिकायला चालेल, आणि चेनलाइनच्या बाबतीत हे काम सर्वांत सोपे. इथे क्रम उलटा करा. पुढचे माप काढा आणि मागे कॅसेटचे स्पेसर चक्राच्या दोन्ही बाजूंना अदलाबदल करून चक्र त्या मापावर आणा. स्पेसर मिलिमीटरच्या हिशेबात मिळतात, लेथवाल्याची गरज पडत नाही. फ्रीव्हील मागेच असल्याने पुढे साधे, क्रँकला घट्ट बसणारे चक्र लावायचे. १८ ला १५ दात हा २६ इंचाला रुळलेला जोड आहे.

पत्र्यातून कापलेले पातळ चक्र मात्र घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या बॉडीत ते खाचा पाडून रुतते आणि पुढे निघत नाही. बॉडीवर बसते तिथे रुंद असलेले चक्र घ्या. हबची पकडही बघा : एका फेऱ्यात पकड घेण्याचे १८ टप्पे असलेला हब २० अंश, म्हणजे १८ ला १५ च्या जोडीत पेडल जवळजवळ १७ अंश, रिकामे जाऊ देतो, ७२ टप्प्यांचे ट्रायल्स फ्रीव्हील फक्त ५. जागेवर तोल सांभाळत छोट्या उड्या मारताना हे १७ अंश फार जाचतात.