मावळ्यांची जमीन आधी, रंग नंतर

तुमची अडचण अशी की २८ मिमी उंचीचे धातूचे छोटे मावळे (रंगवायच्या सैनिकांच्या प्रतिकृती) फेविक्विकने बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, लावले तर रंगवतानाच सुटतात. आणि वाळू-गवत रंगाआधी लावायचं की नंतर, हेही ठरत नाही. माझं ठाम मत: मावळा कुठल्या जमिनीवर उभा आहे ते ठरवा, ती जमीन करा आणि मगच ब्रश उचला.

फेविक्विक सुकल्यावर ठिसूळ होतं, बाजूनं टिचकी बसली की सुटतं. म्हणून पायात पिन हवीच. हातानं फिरवायचा पिन व्हाइस आणि १ मिमीचं ड्रिल घ्या. मोटरचं अजिबात नको. तळव्यावर टाचेपाशी सुईनं आधी टोचून घ्या, नाहीतर ड्रिल घसरतं. मग पोटरीच्या रेषेत, घाई न करता, ४-५ मिमी आत जा. हात जरा तिरका झाला की ड्रिल घोट्यातून बाहेर येतं, तेव्हा दर दोन फेऱ्यांनी बाजूनं बघत राहा. कागदाच्या क्लिपची तार पॉलिश पेपरनं घासून एराल्डाइटनं (दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद) बसवा आणि रात्रभर हात लावू नका. एका पायाला पिन पुरते.

बेस औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपनं चिकटवा. बोटं मावळ्याला लागली की तलवारीच्या आणि पागोट्याच्या कडेचा रंग आधी जातो.

आता वाळू. बांधकामावरची वाळू तशीच टाकू नका. या मापात माणूस साधारण साठपट लहान असतो. २ मिमीचा खडा म्हणजे १२ सेंटिमीटरचा धोंडा! चहाच्या गाळणीतून खाली पडेल ती वापरा, मोठे खडे दोन-तीनच ठेवा. फेविकॉलवर वाळू, ती सुकली की पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात, मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. रंगानंतर हे करायला गेलात तर फेविकॉल रंगवलेल्या पायांवर चढतो. गुडघ्यावर बसलेला किंवा घोड्यावरचा मावळा मात्र वेगळा रंगवून शेवटी बसवा, कारण खाली ब्रश पोचत नाही.

पावनखिंड करताय, तर तो जुलै १६६० आहे, भर पावसाळा. दुकानातलं पिवळं वाळकं गवत तिथं शोभणार नाही. पन्हाळ्यावर लालसर जांभा दगड दिसतो, पण खिंडीसाठी काळा कातळ, चिखल आणि गर्द हिरवं गवत करा. ओलेपणासाठी ग्लॉस वार्निश फक्त दगड-चिखलावर, मावळ्यांवर मॅटच.

कोल्हापुरात पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारायचा तर उघडीप बघून दुपारी मारा. दमट हवेत तो भुरभुरीत बसतो आणि चेहऱ्याचे बारकावे बुजतात. उघडीप नसेल तर ब्रशनं लावायचा प्रायमर बरा. गवताचे झुबके वार्निशनंतरच लावा आणि सगळ्या बेसच्या कडा एकाच गडद तपकिरी रंगाच्या ठेवा.