एका वेळी एकच चित्र

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

लंडनला नीट पोहोचलीस, खोली मिळाली, स्वयंपाकाचीही सोय झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पहिल्याच सुट्टीत नॅशनल गॅलरी ‘पूर्ण बघून घेणार’ असं लिहिलं आहेस, तेवढं मात्र करू नकोस.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती सहलीबरोबर. चाळीस मिनिटं मिळाली होती. दालनांमागून दालनं पालथी घातली आणि बाहेर पायऱ्यांवर आले, तर एकही चित्र धड डोळ्यांपुढे येईना. आयुष्यभर ज्यांची नावं फळ्यावर लिहिली, त्यांच्या दारातून रिकाम्या हाताने परतले. फार रडू आलं. पुन्हा जायला मिळालं ते सहा वर्षांनी.

तुला मात्र ते रोज शक्य आहे, कारण तिकीटच नाही. 1824 साली ब्रिटिश संसदेने 38 चित्रं विकत घेऊन हा संग्रह सुरू केला, आज तिथे 2,300 च्या वर चित्रं आहेत. इमारतीसाठी ट्रॅफल्गर चौक निवडताना विचार असा होता की पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून येतील आणि पूर्वेकडच्या गरिबांनाही चालत येता येईल. तूही तशीच जा. लेक्चर संपल्यावर अर्धा तास, एका चित्रासाठी. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते.

दुसऱ्या महायुद्धात ही सगळी चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. भिंती उघड्या पडल्या. लोकांनाच ते सोसेना, तेव्हा 1942 मध्ये दर महिन्याला एक चित्र लंडनला आणायचं ठरलं. पहिलं आलं ते टिशियनचं ‘नोली मी टांगेरे’. बॉम्ब पडून गेलेल्या शहरातली माणसं वाट काढत एका चित्रासाठी यायची. मला त्या माणसांचा हेवा वाटतो.

तुझं पहिलं चित्र मी सांगते: यान व्हान आयकचं आर्नोल्फिनी दांपत्य. ओकच्या फळीवर रंगवलेलं, उंची जेमतेम 82 सेंटिमीटर. आधी लांबून बघ, मग पुढची गर्दी सरेपर्यंत थांब. मागच्या भिंतीवर फुगीर आरसा आहे. त्यात नवरा-बायको पाठमोरे दिसतात आणि त्यांच्या पलीकडे, दारात, आणखी दोन माणसं. म्हणजे तू उभी आहेस साधारण तिथेच. आरशाच्या चौकटीत नखाएवढी दहा वर्तुळं आहेत आणि प्रत्येकात ख्रिस्ताच्या आयुष्याच्या अखेरीची गोष्ट चितारली आहे. आरशाच्या वर वळणदार लॅटिन अक्षरांत लिहिलंय, ‘यान व्हान आयक इथे होता, 1434’. खिडकीपाशी संत्री, पायाशी केसाळ कुत्रं, भरदिवसा झुंबरात जळणारी एकुलती एक मेणबत्ती. त्या बाईला दिवस गेले आहेत असं सगळ्यांना वाटतं. पण तिने तो जड झगा उचलून पोटाशी धरलाय. तेव्हाची रीतच तशी होती. घडी कुठून सुरू होते ते बोटाने हवेत गिरवून बघ, कळेल.

दुसऱ्या खेपेला हॉलबाइनचे ‘राजदूत’, 1533 चं. दोन तरुण, मध्ये पृथ्वीगोल, पुस्तकं, एक तार तुटलेलं ल्यूट नावाचं तंतुवाद्य. पायाशी एक तिरकी, फिकट, न कळणारी आकृती आहे. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीलगत जाऊन खाली बघ, तिची कवटी होते. ते छापील चित्रात मला कधीच कोणाला दाखवता आलं नाही.

व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रासमोर गर्दी असणारच, त्यासाठी जीव टाकू नकोस. मोठी सॅक घरीच ठेव. फोन खिशात, हातात छोटी वही आणि पेन्सिल. बाकावर बसून काढ. रेघ चुकली तर खोडू नकोस, शेजारी दुसरी मार.

आणि आरशातल्या त्या दोघांपैकी निळ्या कपड्यातला कोणत्या बाजूला उभा आहे, ते मला कळव. वहीचं पानही फोटो काढून पाठव.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई