एकवीस दिवसांचा हिशेब

प्रश्न : दोन वर्षांत जर्मन भाषेतली पुस्तके सहज वाचता यावीत, असे मी ठरवले आहे. एकवीस दिवस सलग केले की सवय लागते असे ऐकल्यामुळे रोज पहाटे पाचला उठून एक तास अभ्यास करण्याचा नेम मी आतापर्यंत चार वेळा धरला. प्रत्येक वेळी बाराव्या-पंधराव्या दिवशी खंड पडतो आणि पुन्हा एकपासून मोजायला उमेद राहत नाही. माझ्यात चिकाटीच नाही, असे आता वाटू लागले आहे. सवय लावण्याची काही निश्चित रीत आहे का?

उत्तर : चार वेळा नेम मोडल्यावरही जी व्यक्ती पुन्हा मार्ग विचारते, तिच्यात चिकाटी नाही, हे मला मान्य नाही. तुम्हाला नाउमेद केले ते त्या मोजणीने.

एकवीस हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे सांगोवांगी त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना लागू झाली. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रत्यक्ष पाहणी केली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी प्रत्येकी एक कृती निवडून ती रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ज्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधता आला, त्यांची कृती अंगवळणी पडण्याचा मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्तीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे पंधराव्या दिवशी खंड पडला, तरी आधीचे चौदा दिवस तुमच्या खात्यावर जमाच होते; ते तुम्ही स्वतःच पुसून टाकलेत.

दुसरे असे, की पहाटे उठणे आणि तासभर अभ्यास करणे या दोन वेगळ्या सवयी आहेत आणि त्या तुम्ही एकदमच अंगावर घेतल्या. पहाटेचा हट्ट तूर्त सोडा. जे आजही न चुकता घडते, त्याला अभ्यास जोडा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की ‘रोज अभ्यास करीन’ या मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा नेमका बेत पार पडण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा ‘दात घासून झाले, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून एक पान वाचीन’ असे लिहून ठेवा आणि पुस्तक आदल्या रात्रीच त्या खुर्चीवर उघडून ठेवा. सकाळ हुकलीच, तर निजण्यापूर्वी पाच ओळी वाचण्याचाही बेत आधीच ठरलेला असू द्या. एक पान फार थोडे आहे, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या, पहिल्या दोन-तीन महिन्यांत पानांपेक्षा खुर्चीत जाऊन बसणे महत्त्वाचे आहे.

मात्र सवयीकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही स्पष्ट असावे. खुर्चीत बसणे कालांतराने आपोआप घडेल, जर्मन शिकणे आपोआप घडणार नाही. न कळलेल्या वाक्यापाशी थांबून शब्दकोश उघडण्यासाठी लक्ष द्यावेच लागेल. रोजच्या सवयीमुळे एवढेच होते, की अभ्यासाला बसावे की नाही या घोळात ते लक्ष खर्ची पडत नाही.

नोंद अवश्य ठेवा, पण सलग किती दिवस झाले याची नव्हे. महिनाअखेरीस फक्त चुकलेले दिवस पाहा. ते विखुरलेले असतील, तर काहीही न बदलता पुढे चालू ठेवा. दर आठवड्याला तोच वार चुकत असेल, तर त्या वारापुरती वेळ बदला.