लस दिलेल्या घोड्यालाही हर्पिस होतो का?
हो, होऊ शकतो. हर्पिस हा घोड्यांचा विषाणूजन्य आजार आहे; बहुतेक घोड्यांना त्याचा विषाणू शिंगरू असतानाच लागतो आणि जन्मभर अंगात दडून राहतो; लांबचा प्रवास, स्पर्धा असा ताण आला की पुन्हा उठतो. लसीने ताप-सर्दी सौम्य राहते, नाकातून पसरणारा विषाणू घटतो. गाभण घोडी गाभडू नये म्हणून 5व्या, 7व्या, 9व्या महिन्यात टोचतात. पण या आजाराच्या ज्या प्रकारात मज्जासंस्थेला इजा होऊन शेपूट ढिली पडते, लघवी टपकते, मागचे पाय ओढले जातात, त्या प्रकारावर लसीचा भरवसा नाही. 2021 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेतून साथ युरोपातल्या अनेक देशांत गेली, 18 घोडे दगावले. लस द्याच, पण कळकळीने सांगतो, नवा घोडा तीन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा, रोज दोनदा ताप मोजा.