चालत्या पिकअपच्या हौद्यात मुलांना झोपवता येईल का?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वडिलांच्या नावावर 2016 ची सिंगल केबिन पिकअप आहे, पिवळ्या पाटीची. मे महिन्यात बायको आणि दोन मुलांना (वय 9 आणि 6) घेऊन हिमाचलमध्ये किन्नौरमार्गे स्पितीला जायचं ठरवलंय. हॉटेलचा खर्च झेपणारा नाही, म्हणून हौद्यावर पत्र्याची बंद केबिन वेल्डिंग करून घेतली. आत दोन बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी आहे. पुढे बंपरवर बुलगार्ड (लोखंडी गार्ड) लावला. 85,000 रुपये गेले. फॅब्रिकेटर म्हणाला होता, 'आरटीओला चालतं, मी गॅरंटी देतो.' आता फिटनेसला गाडी नापास झाली. एजंट म्हणतो, वर थोडे दिले की पासिंग होईल. काय करू?

उत्तर : एजंटाला एक रुपयाही देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही थेट आरोपी होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पण तुमचं पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती त्या दोन बर्थची. गाडी चालू असताना मुलं मागे झोपणार आहेत, असाच त्याचा अर्थ होतो ना?

वडिलांचं आरसी बुक काढा आणि बसण्याची क्षमता किती लिहिलीय ते बघा. तुमच्या गाडीत ती केबिनपुरतीच असणार. हौदा मालासाठी आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाला काही झालं तर विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात 2002 च्या अखेरीस स्पष्ट केलं आहे. अपवाद मालाच्या मालकाचा किंवा त्याच्या प्रतिनिधीचा, आणि त्यानेही केबिनमध्येच बसायला हवं. मुलं आपलीच आहेत, ती कुठे दावा लावणार, असं वाटेल. पण उद्या मेव्हण्याची किंवा शेजाऱ्यांची मुलंही मागे चढतील. माझ्या एका अशिलाच्या पिकअपमधून वऱ्हाड चाललं होतं. घाटात गाडी उलटली. न्यायाधिकरणाने विमा कंपनीला आधी रक्कम भरायला लावली आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. वसुलीची नोटीस आली तेव्हा त्यांच्या आईने सातबाऱ्याचा उतारा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, 'यातलं किती जाईल?' तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

आता नापास का झाली ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. तुमच्या गाडीत बॉडीचा प्रकार बदलला, रिकाम्या गाडीचं वजन बदललं, उंचीही बदलली असणार. बुलगार्ड तर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना पत्र लिहून बेकायदा ठरवला आहे. कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ते होतं 'मालकाला', म्हणजे तुमच्या वडिलांना. त्यांना हे सांगितलंय का? नसेल तर आज सांगा.

कॅम्पर व्हॅन म्हणून रीतसर नोंदणी होत नाही का? होते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला मान्य आहे. पण त्यासाठी अशा गाड्यांसाठीच्या एआयएस-124 या मानकानुसार, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून मंजूर झालेली रचना लागते. एकट्यादुकट्या जुन्या पिकअपसाठी हा खर्च काढणं तुमच्या बजेटमध्ये बसणारं नाही. त्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा केबिन कापून काढा, बुलगार्ड उतरवा. वेल्डिंग चासीला केलं असेल तर कापताना चासीला धक्का लागणार नाही असा माणूस बघा. मग पुन्हा फिटनेसला घाला. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणजे हा सोपस्कार आता दरवर्षी आहे. फिटनेस नसलेली मालवाहू गाडी कलम 56 प्रमाणे नोंदणी नसल्यासारखीच समजतात, त्यामुळे तोवर ती बागेतल्या कामालाही रस्त्यावर काढू नका.

सहल मात्र रद्द करायचं कारण नाही. वेल्डिंग न करता, कापाकापी न करता, पट्ट्यांनी बांधलेली पेटी हा कायद्याच्या नजरेत माल आहे. घडीची खाट, लाकडी खोकी, वीस-वीस लिटरचे कॅन, वर आपली नेहमीची ताडपत्री. रात्री गाडी सुरक्षित जागी उभी करून चौघं हौद्यात झोपलात तर मोटार वाहन कायद्याची हरकत नाही. चालत्या गाडीत मात्र मुलं सीटवर, बेल्ट लावून. एवढ्या सीट तुमच्या पिकअपमध्ये नाहीत, म्हणून बायको-मुलांना कालकापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने पाठवा, नाहीतर कोणा नातेवाइकाची पांढऱ्या पाटीची गाडी सोबत घ्या. मला कळतं, एकत्र प्रवासाचा आनंद थोडा कमी होतो. तरीही मी हेच सांगेन.

परमिटचं एक बघून ठेवा. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर कलम 66 खाली परमिटची गरज नाही. त्यावर असेल तर महाराष्ट्राबाहेर जाताना नॅशनल परमिट लागेल. जास्त माल पेलावा म्हणून स्प्रिंगचा पाटा वाढवल्याने आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही, हेही लक्षात असू द्या.

राहिले 85,000. 'आरटीओला चालतं' असं फॅब्रिकेटरने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा, बिल मागा, केबिन कापण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि नापास केल्याची लेखी कारणं आरटीओकडून घ्या. आधी नोटीस पाठवू. पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.