स्टील गिटारसाठी ट्यूब प्रीअँप निवडताना नेमके काय पाहावे?

आपण भावगीतांच्या कार्यक्रमांत लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) वाजवता, पायाखाली व्हॉल्यूम पेडल आहे आणि आवाज 'उबदार' व्हावा म्हणून ट्यूब प्रीअँप, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारे व्हॉल्व्हचे उपकरण, घ्यायचे आहे, असे प्रश्नात म्हटले आहे. मी त्या 'उबदार' शब्दापाशीच अडखळलो, कारण त्याच शब्दाच्या नादी लागून मी माझा पहिला प्रीअँप घेतला आणि चारचौघांत तोंडघशी पडलो.

दुकानदार ज्याला ऊब म्हणतो, ती बहुतेक वेळा सौम्य डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचे हलके फाटणे असते. साध्या गिटारला ती शोभते. स्टीलवर मात्र एकदा छेडलेली तार पुढची तीन-चार सेकंदे मींड आणि कंप असे सगळे पेलत असते. छेडल्याच्या क्षणी सिग्नल मोठा असतो आणि मग विरत जातो. प्रीअँपची पहिलीच पायरी त्या आघाताला गुदमरत असेल, तर मींड सुरू होताना आवाज दाटलेला आणि संपताना स्वच्छ येतो. एकाच मींडेत दोन वेगळे गळे ऐकू येतात. दोन तारांवरून बार एकत्र सरकवला तर आणखी वाईट, कारण त्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा एक नको असलेला तिसरा आवाज खालून निघतो आणि बारबरोबर तोही सरकत राहतो. म्हणून स्टीलसाठी गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) कमी आणि हेडरूम (आवाज फाटण्याआधी उरलेली मोकळीक) भरपूर हवी, या मतावर मी ठाम आहे. सर्वत्र मिळणाऱ्या १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा प्रवर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १०० आहे, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४४ च्या आसपास आणि १२एयू७चा २० च्या आसपास. चौघांच्या पिनांची मांडणी एकच असल्यामुळे पहिल्या सॉकेटमध्ये १२एवाय७ बसवून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हे शहाणपण मला कुडाळजवळच्या एका सड्यावरच्या देवळात आले. वैशाखाचे दिवस होते, सभामंडपात कार्यक्रम होता आणि लाउडस्पीकर माझ्या थोरल्या भावाचा होता, कारण मंडप आणि लाउडस्पीकर हाच त्याचा धंदा. प्रीअँप सुरू करताच स्पीकरमधून अशी घुरघूर निघाली की पुढे बसलेल्या पोरांनी कान झाकले. दादाने सगळ्यांसमोर सांगून टाकले, "तुझो तो दिवो आधी बंद कर, घुरघूर आपोआप जातली." व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओतली अडगळ, हे त्याचे मत त्याआधीही होते आणि तारांना हात लावला की माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या, याकडे तो लक्ष द्यायलाही तयार नव्हता. मी प्रीअँपच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर त्याचा दिवा मंद पेटला. तेव्हा देवळाचे गुरव पुढे आले आणि मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात शिमग्यापासून पाण्याचा थेंब पडलेला नाही, असे म्हणाले. जांभ्याच्या कातळात खणलेला तो खड्डा, आत मीठ आणि कोळसा, वर फुफाटा. दोन घागरी पाणी ओतले तेव्हा तो उकळत्या भातासारखा बुडबुडत राहिला. पंधरा मिनिटांनी टेस्टर विझला आणि घुरघूर इतकी खाली गेली की तबल्याच्या ठोक्यात ती विरून जाऊ लागली.

दादा जिंकला नाही, पण मीही जिंकलो नाही. दिवेलागणीनंतर गावभर पंखे आणि दिवे सुरू झाले, तेव्हा बोर्डावर मोजलेला दाब १८० व्होल्ट भरला. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, तिथे त्या हिशेबाने ते पाचाच्याही खाली गेले होते आणि व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटला मिळणारा मोठा दाबही त्याच प्रमाणात उतरला होता. आवाज निस्तेज झाला आणि चढ्या मींडा फाटू लागल्या. त्यावर दादा म्हणाला की माझा हातच बिघडला आहे. घरी येऊन मी स्टॅबिलायझरवर तीच मींड पुन्हा वाजवली, ती स्वच्छ आली, पण तेव्हा ऐकायला दादा नव्हता. (रिलेचा स्टॅबिलायझर घेऊ नका, ऐन शांत जागी तो टक् करून दाब बदलतो, सर्व्होचा घ्या.)

दादाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. अमेरिकेतले पेडल स्टील वादक ज्याच्यावर वर्षानुवर्षे विसंबून राहिले, तो पीव्हीचा नॅशव्हिल ४०० पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालतो आणि २०० वॉटहून अधिक ताकद देतो. त्यांनाही ऊब नको होती, हेडरूम हवी होती. मात्र व्हॉल्व्ह म्हणजे अडगळ हे मी आजही मान्य करणार नाही. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही १९३२ सालची रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' होती, ती मांडीवर घेऊन वाजवायची स्टील गिटारच होती आणि तिचा आवाज व्हॉल्व्हच्याच अँप्लिफायरमधून लोकांपर्यंत पोहोचला. गेन आवरता ठेवलेल्या व्हॉल्व्हमधून येणारी स्वराची गोलाई मला ट्रान्झिस्टरमध्ये सापडलेली नाही.

निवडीपुरते बोलायचे तर ९ किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा प्रीअँप पाहिला की आत दाब वाढवून प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट दिले आहेत का, हे आधी विचारावे. दिले नसतील तर तो व्हॉल्व्ह शोभेचा असतो. काहींत तर त्याच्यामागे नारिंगी एलईडी लावून तो पेटल्याचा आभास केलेला असतो. इनपुट १ मेगओहमचे हवे. मिडचे वेगळे बटण हवेच, कारण भावगीतात मधली पट्टी हार्मोनियमने आधीच भरून टाकलेली असते आणि स्टीलला तिथे जागा करून द्यावी लागते. पेडल साधे, ५०० किलोओहम पॉटचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधाचे) असेल, तर पेडलपासून प्रीअँपपर्यंतची वायर हातभरच ठेवावी. साध्या वायरची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, त्यामुळे सहा मीटर वायर जोडली आणि पेडल मधोमध आणले की २ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज उतरू लागतो आणि आपण उगाच ट्रेबलचे बटण पिळत बसतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रीअँप आधी जोडून त्यानंतर २५ किलोओहमचे पेडल वापरणे. मी तोच वापरतो, पण त्यात छेडल्याचा पूर्ण आघात थेट व्हॉल्व्हवर येतो, म्हणूनच वर गेनविषयी इतके लिहिले.

आपण किनाऱ्यावर राहता, तेव्हा व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेट खाऱ्या हवेने हिरवट पडतात, हे धरून चालावे; व्हॉल्व्ह बाहेरूनच काढता येत असतील तर आगोटीच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास काढून ते पुसावेत. मात्र झाकण उघडू नये. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. अर्थिंगचा मुद्दाही मी गोष्टीच्या ओघात सांगितला असला तरी गंभीर आहे, कारण लोखंडी बार हातात धरून वाजवणाऱ्याला मुंग्या येत असतील, तर वादन तिथेच थांबवावे आणि वायरमनला बोलवावे. घागरी ओतणे हा त्या संध्याकाळपुरता निभाव होता.

आपल्या पेडलमध्ये नुसता पॉट आहे की बफरही (लांब वायरीतही सिग्नल टिकवणारे छोटे सर्किट) आहे, हे प्रश्नात लिहिलेले नाही. पेडलच्या इनपुटला आणि आउटपुटला दोन्हीकडे बफर असेल, तर वायरच्या लांबीविषयी वर जे लिहिले आहे ते आपण सोडून दिले तरी चालेल.