मिरचीनं भरले डोळे

प्रश्न : ताई नमस्कार. मी कळमना मार्केटमध्ये २२ वर्षं हमाली केली, जास्त करून मिरचीची पोती. आता कंबर गेली म्हणून घरीच आहो अन् भजनी मंडळात बसता बसता गाणे सुचून राहिले. शाळा चौथीपर्यंत. एका स्टुडिओत गेलो होतो तर तिथला माणूस म्हणे भाषा गावठी आहे, शुद्ध करून आणा, चालही सिनेमाची वाटते. खकाण्यानं आवाज पन बसल्यासारखा झाला. वय ४८. आता काई होते का याचं? दोन गाणे पाठवतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, भाषा अजिबात बदलू नका. पहिलं गाणं चांदणी, सजणी, पुनवेची रात असं आहे, ते कोणीही लिहील. पण दुसऱ्यात तुम्ही लिहिलं, ‘मिरचीनं भरले डोळे, रडलो ते कोनाले कळे’ आणि मी तिथेच थांबली, मग घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. भरले, डोळे, कोनाले, कळे, सगळे शब्द एकाच सुरावर पडतात, ‘कोणाला’ केलं की ठेकाच मोडला ना! आणि ही ओळ सुचायला मिरचीच्या ढिगात उभं राहिलेलंच माणूस लागतं.

लोककवी वामनदादा कर्डक गिरणीत कामाला होते, अक्षरओळख शिवडीच्या चाळीत मोठेपणी झाली आणि १९४३ साली पहिलं गाणं रचलं तेही हिंदी सिनेमाच्या गाण्यावरून. मग आयुष्यभर गावोगाव गात फिरले, आजही आपल्याकडे दीक्षाभूमीवर त्यांची गाणी वाजतात. अण्णाभाऊ साठेही गिरणी कामगारच. त्यामुळे चालीची लाज नको, शिकायला ती चालते, फक्त यूट्यूबवर टाकायचं असेल तर सिनेमाची चाल नको, सिनेमावाल्यांचा क्लेम येतो, म्हणजे ते चालीवर आपला हक्क सांगतात. तुमच्या भजनाच्या ठेक्यावर म्हणून बघा, हे गाणं त्यात आरामात बसते.

आवाजाचं म्हणाल तर आधी घसा एकदा डॉक्टरला दाखवा, इतकी वर्षं खकाणा पोटात गेला आहे. आणि पेटीवाल्याला सांगा पट्टी खाली घ्या, मंडळात सगळे ज्या पट्टीत गातात तीच तुम्ही ओढून राहिले असाल, स्वर दोन पट्ट्या उतरवले तर हाच भरडा आवाज छान लागेल.

सुचलं की लगेच मोबाइलमध्ये गाऊन ठेवा, लिहायचं नंतर. शेवटच्या कडव्यात आपलं नाव घाला, जुने शाहीर घालायचे तसं. गाणं लिहिलं की त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचाच होतो, नोंदणी केली तर पुरावा राहतो पण सक्तीची नाही, आणि हा हक्क तुमच्यानंतर ६० वर्षं घरच्यांकडे राहतो. म्हणून स्टुडिओत कोणी कागद पुढे केला तर पोरीकडून पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

तिसऱ्या कडव्यात पोरीच्या फीचे पैसे पोती उचलायच्या हुकाच्या मुठीत धरले इथपर्यंत आणलं आणि सोडून दिलं. पुढे काय झालं? ते पूर्ण करून पाठवा, मी वाट पाहून राहिली.